मेणबत्तीकाकांचा हातोडा

एक्स-रे काढायला तुम्ही कधी गेला असाल, तर तिथला माणूस आठवून बघा. डॉक्टर नव्हे हो, तो दुसरा. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," म्हणणारा. तुम्ही त्याला हळूच विचारलंही असेल, "काय दिसतंय?" आणि त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं असेल, "रिपोर्ट डॉक्टर देतील." आमचे मेणबत्तीकाका त्याच जातकुळीतले. एका मध्यम इस्पितळाच्या तळघरात त्यांची उभी हयात हे एक वाक्य बोलण्यात गेली. हाड सरळ दोन तुकड्यांत दिसतंय, शेंबड्या पोरालाही कळावं, पेशंट कळवळून विचारतोय, आणि काका आपले "रिपोर्ट डॉक्टर देतील." नियमच तसा. एक्स-रे काढणाऱ्यानं काढावा, वाचू नये. पण रोज बघून बघून माणसाला दिसायला लागतंच की! इतकी वर्षं गिळलेली मतं काकांच्या पोटात साचून राहिली होती. ती कधीतरी बाहेर पडणारच होती. पडली ती शेअरबाजारात.

झालं असं, की एका रविवारी फोनवर त्यांनी एका गृहस्थाचा व्हिडिओ बघितला. गृहस्थ कोटात, पाठीमागं चकचकीत मोटार, आणि तोंडात जपान. तो सांगत होता की जुन्या काळी जपानातल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी भाव ओळखायची एक रीत काढली. दिवसाच्या भावाची एक मेणबत्ती काढायची. सकाळी भाव कुठं उघडला आणि संध्याकाळी कुठं बंद झाला, ते मेणबत्तीचं अंग. मधे किती वर जाऊन आला, किती खाली जाऊन आला, त्या वरच्या-खालच्या वाती. भाव चढला तर मेणबत्ती हिरवी, पडला तर लाल. आणि या मेणबत्त्यांच्या आकारावरून म्हणे आधीच कळतं, की पडणारा भाव आता वळणार, चढणारा आता घसरणार.

काकांना साक्षात्कार झाला. अंधारात उजळ आकृती बघायची आणि आत काय बिघडलंय ते ओळखायचं, हेच तर ते जन्मभर करत आले होते! फरक एवढाच, की इथं "काय दिसतंय?" असं विचारल्यावर तोंड उघडायला कुणाची बंदी नव्हती. पंधरवड्यात त्यांनी सगळे आकार पाठ केले. अंग डोक्याशी आणि खाली लांबलचक वात, तो हातोडा. भाव पडत असताना हातोडा दिसला की समजायचं, तळ लागला, आता वर. उघडला तिथंच बंद झाला, नुसती अधिकाची खूण, ती दोजी. म्हणजे बाजार विचारात पडलाय. इस्पितळातल्या एका टारगट सिस्टरनं त्यांना मेणबत्तीकाका म्हणायला सुरुवात केली. चिडवायलाच केली होती, पण काकांना ते पदवीसारखं वाटलं.

मग कॅन्टीनवाल्याचं प्रकरण झालं. त्याच्याकडे कुठलेसे शेअर होते आणि ते रोज पडत होते. काकांनी चहा पिता पिता त्याचा फोन बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हातोडा आहे. विकू नकोस. वळणार." आणि वळला की हो! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण कावळ्याला वाटलं, आपल्या वजनानंच मोडली. कॅन्टीनवाल्यानं महिनाभर काकांकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. बातमी तळघरातून वरच्या मजल्यापर्यंत पोचली.

त्या दिवसापासून एक्स-रेच्या खोलीबाहेर दोन रांगा लागायला लागल्या. एक पेशंटांची, दुसरी स्टाफची. भिंतीवर एक्स-रे बघायची पांढऱ्या उजेडाची पेटी असते, काका त्या पेटीवर लोकांचा फोन धरून बघायचे. फोनच्या मागून उजेड मारून काय दिसणार, कपाळ? पण समोरच्याला धीर यायचा. "सौम्य दोजी आहे," काका म्हणायचे. "घाबरायचं कारण नाही. दोन दिवसांनी पुन्हा दाखवा." कुणाला म्हणायचे, "लवकर आणलंत ते बरं झालं." सांगितलेलं खरं ठरलं तर काका नुसते मान हलवायचे. खोटं ठरलं तर म्हणायचे, "आकार बरोबर होता. बाजार चुकला." नाचता येईना अंगण वाकडं, पण हे अंगण एवढं मोठं, की ते वाकडं आहे म्हटलं तर कोण मोजायला जाणार?

आता काकांच्या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती त्यांच्या अभिमानाची होती. एक्स-रेच्या यंत्रातून पेशंटच्या अंगावर उजेडाचा एक चौकोन पडतो. जेवढा चौकोन तेवढाच फोटो, आणि तेवढेच किरण अंगात जातात. आळशी लोक चौकोन मोठा ठेवतात. काका कधीही नाही. खुंट्या फिरवून फिरवून ते चौकोन असा आवळायचे, की दुखरा सांधा आत आणि बाकी सगळं बाहेर. "जिथं दुखतं तेवढंच बघायचं," हा त्यांचा मंत्र. "उगाच बाकीच्या अंगाला कशाला त्रास?" डॉक्टर त्यांची तारीफ करायचे. ती खरीच होती. पण तो हात फोनवरही तसाच चालायचा. भावाचा चार्ट उघडला की काका दोन बोटांनी तो मोठा करत करत शेवटच्या सात-आठ मेणबत्त्यांवर आणायचे. दुखतंय तिथं. मागचं सगळं पडद्याबाहेर.

घरी काकू होत्या. त्या बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना बाई म्हणायचा, आणि आपणही तेच म्हणू. बालवाडीत शिकवायचं म्हणजे खुर्चीचा संबंध नाही. पोरांबरोबर जमिनीवर बसायचं, उठायचं, पळणाऱ्याला धरायचं, पुन्हा बसायचं. बाईंचे दोन्ही गुडघे पार झिजले होते. अलीकडे त्या भिंत धरून उठायच्या, आणि पोरंही शहाणी, बाई उठायला लागल्या की चार-पाच जण धावत येऊन त्यांना ढकलायची. मुख्याध्यापिकांनी गोड आवाजात सांगितलं होतं, "पुढच्या वर्षीपासून तुम्ही ऑफिसात बसा ना, आराम पडेल." ऑफिसात बसायचं म्हणजे पोरं सुटली, आणि पोरं सुटली म्हणजे बाईंचं सगळंच सुटलं. दोघांना स्वतःचं मूल नव्हतं.

म्हणून ठरलं होतं, की मोठ्या सुट्टीत दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे आणि शाळा उघडली की बाईंनी पुन्हा जमिनीवर, नाही तर निदान बुटक्या स्टुलावर पोरांत बसायचं. त्यासाठी बाईंनी आपल्या पगारातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलं होतं. नवी साडी नको, फिरायला जाणं नको. दोन गुडघ्यांपुरते पैसे जमले त्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्याला मात्र हात लावायचा नाही हं." "छे!" काका म्हणाले, "मी काय वेडा आहे?"

वेडे नव्हते. वेड्याला निदान कळत असतं की आपलं काही खरं नाही. काकांना एका सकाळी एका कंपनीच्या चार्टवर हातोडा दिसला. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी. सगळीकडे तिचं नाव झालं होतं. तीन लाल मेणबत्त्या ओळीनं, आणि मग हातोडा. असा सुबक, की व्हिडिओतल्या कोटवाल्यानंही इतका चांगला दाखवला नव्हता. काकांच्या मनात पाप नव्हतं, हे मी सांगतो. त्यांच्या डोळ्यांपुढं काय होतं? बाईंना सामान्य वॉर्डऐवजी स्वतंत्र खोली. साध्या सांध्याऐवजी उंची सांधा. ऑपरेशननंतर महिनाभर घरकामाला मोलकरीण. बाईंच्या पैशातले थोडे घालायचे, महिन्याभरात मुद्दल परत ठेवायचं, वरचं खर्चायचं, आणि मग बायकोला सांगायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं तर नवऱ्यानं बायकोच्या गुडघ्यालाच बांधलं.

शेअर पडला. काकांनी चार्ट बघितला, आणखी एक हातोडा. "दुहेरी तळ!" काका स्वतःशीच म्हणाले आणि बाईंच्या पैशातले उरलेलेही घातले. पुन्हा पडला. दोजी आली. मग उलटा हातोडा आला. मग पहाटेचा तारा म्हणून एक आकार असतो, तोही आला. वळायची जेवढी म्हणून चिन्हं जपान्यांनी शोधली होती तेवढी सगळी त्या शेअरनं दाखवली, फक्त वळला नाही. इकडे तळघरातली रांग चालूच होती, आणि काका लोकांना पूर्वीपेक्षा ठणकावून सांगत होते. आपलं जहाज बुडत असलं की माणूस दुसऱ्याला पोहायला फार जोरात शिकवतो.

सुट्टी जवळ आली. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांची तारीख घ्यायला हवी ना?"

"घेऊ की," काका म्हणाले. "पण घाई कसली? काल तुला जिन्यात कमी दुखलं म्हणालीस."

"काल कमी दुखलं. आज जास्त दुखतंय."

"तेच तर! वर-खाली होणं चांगलं लक्षण. सूज उतरतीये. आता वळेल बघ."

ऐका! बायकोच्या गुडघ्यात हे गृहस्थ हातोडा बघत होते. आणि बाईंनी विश्वास ठेवला. ठेवणारच. जन्मभर हाडं बघितलेला माणूस आपल्या घरात, तो सांगतोय म्हणजे काहीतरी असेल. त्या मलम चोळत बसल्या, तेल चोळत बसल्या, गरम पिशवी ठेवत बसल्या. काकांना ते बघवायचं नाही. ते मग दुसऱ्या खोलीत जाऊन चार्ट उघडायचे.

शेवटी बाईंनी स्वतःच फोन करून हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर काकांच्याच इस्पितळातले, तरणे, हसतमुख. काकांनी बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढून वर नेले. त्यांच्या हातचे, एकदम आवळून काढलेले.

डॉक्टरांनी ते उजेडावर धरले. "काका, गुडघा देखणा आलाय. पण मला सगळा पाय हवा. खुब्यापासून घोट्यापर्यंत, उभं राहून."

"दुखतं तर गुडघ्यात," काका म्हणाले.

"दुखतं गुडघ्यात, पण पाय कुठून वाकत आलाय ते नुसत्या गुडघ्यात बघून कसं कळणार? इथं बघून मी सांधा बसवला, तर सरळ म्हणून वाकडाच बसायचा. चौकोन मोठा करा."

काका जिना उतरून खाली आले. बाई खोलीत उभ्या होत्या, पाठ उभ्या फळीला टेकवून, दोन्ही हातांनी दांडा धरून. काकांनी खुंट्या फिरवल्या. चौकोन पसरत पसरत बाईंच्या कमरेपासून पावलांपर्यंत गेला. "हलू नकोस हं," म्हणून ते काचेमागच्या खोलीत गेले, माइक चालू केला आणि फोटो घेतले. पडद्यावर दोन्ही पाय अख्खेच्या अख्खे आले. गुडघे काय, पाय सगळेच बाहेर झुकले होते, धनुष्यासारखे. इतकी वर्षं या पायांबरोबर चालून काकांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

आणि तिथंच, का कोण जाणे, त्यांनी खिशातून फोन काढला. पंपवाल्या कंपनीचा चार्ट उघडला. सवयीनं बोटं मोठं करायला निघाली होती. ती थांबली, आणि चिमटीत धरून चार्ट लहान करायला लागली. आठ मेणबत्त्या, ऐंशी मेणबत्त्या, दोन वर्षं.

डोंगर होता तो. खालपासून वर चढत गेलेला अख्खा डोंगर. आणि काकांचा तो सुबक हातोडा पायथ्याला नव्हता, अगदी शेंड्यावर होता. ज्या तीन लाल मेणबत्त्यांना ते मोठी घसरण समजले होते, त्या एवढ्या डोंगरावर नखाएवढ्याही दिसत नव्हत्या. तोच आकार भाव चढून चढून वर पोचल्यावर आला, तर त्याचं नाव वेगळं आणि अर्थ उलटा. त्याला म्हणतात फासावर लटकलेला माणूस. तो दिसला की सांगतात, उतरा खाली, आता घसरणार. पहिल्याच धड्यात होतं. काकांना तोंडपाठ होतं.

"फाशीवाला!" काका पुटपुटले. "अरे देवा, फाशीवाला होता तो!"

माइक चालूच होता. पलीकडे बाईंना सगळं ऐकू आलं.

"कोण फाशी गेलं?" बाई ओरडल्या. "अहो, झालं का? पाय थरथरायला लागलेत माझे."

काका धावत आत गेले. किती वेळ त्या तशाच उभ्या होत्या, काकांना भान नव्हतं. त्यांनी बाईंना धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग समोर स्टुलावर बसून सांगून टाकलं. सगळं. हातोड्यापासून. चांगल्या शब्दांत मांडायचा त्यांनी प्रयत्न केला, "बाजारात थोडी मंदी..." वगैरे, पण बाई बालवाडीच्या. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा त्यांना रोज सकाळपासून बघायला मिळतो.

बाईंनी पाण्याचा पेला बाकावर ठेवला. काकांना वाटलं, रडतील. ओरडल्या तर बरं, असंही वाटलं.

"तरी मी मनाशी म्हणत होते," बाई म्हणाल्या, "गुडघा वळेल, वळेल म्हणून मला का नादी लावताय. मला वाटलं, माणूस माझ्या काळजीनं बोलतोय. मी वेड्यासारखी तेल चोळत बसले हो."

काकांनी मान खाली घातली.

"किती उरलेत?"

"आज विकले तर एकाचे."

"एकाचे म्हणजे?"

"एका गुडघ्याचे."

बाईंनी आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे बघितलं. "विका."

"आज जरा दोजी बनतीये, दोन दिवस जर..." काकांच्या तोंडून निघूनच गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

बाईंनी नुसता हात पुढं केला. काकांनी फोन त्यांच्या हातात दिला. "कुठलं बटण?" बाईंनी विचारलं. काकांनी दाखवलं. बाईंनी दाबलं, फोन परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

"आता सांगा, डावा की उजवा?"

साऱ्या इस्पितळाला खाली की वर ते सांगणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येईना.

"उजवा करू," बाईच म्हणाल्या. "जिना उतरताना उजवीकडे कठडा नाही आपल्याकडे. डावीकडे आहे. आणि डावीकडे तुम्ही असाल. रोज. बालवाडी भरायच्या वेळेला मला खाली उतरवायचं, शाळेच्या दारापर्यंत सोडायचं."

"रोज?" काका म्हणाले. बालवाडी भरते त्याच वेळेला बाजार उघडतो.

"दुसऱ्याचे पैसे जमेपर्यंत रोज," बाई म्हणाल्या. "आता मला धरा आणि उठवा."

उजवा गुडघा सुट्टीत झाला. सामान्य वॉर्डात, साधा सांधा, आणि छान बसला. मुख्याध्यापिकांनी बाईंना अर्धं वर्ष पोरं दिली आणि अर्धं ऑफिस. तळघरातली स्टाफची रांग मोडली. काका आता सगळ्यांना सांगतात, "मी बघत नाही." लोकांना वाटतं, काकांना काहीतरी मोठं आधीच कळलंय म्हणून ते गप्प आहेत, आणि कॅन्टीनवाल्यानं तर घाबरून आपलं सगळं विकून टाकलं.

रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून दोघं खाली उतरतात. आधी बाईंचा डावा पाय, मग उजवा. काकांचा एक हात कठड्यावर आणि दुसरा बाईंच्या दंडाखाली. परवा मधल्या वळणावर काकांच्या खिशातला फोन थरथरला. ठरावीक भाव आला की बंद करेपर्यंत थरथरायचा तो. ती सूचना बंद करायची राहून गेली होती. पंपवाली कंपनीच असणार.

"बघा की," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

आणि खरंच थांबल्या त्या, सगळा भार नव्या पायावर घेऊन. काकांनी बाईंच्या दंडाखालचा हात काढला आणि खिशात घातला. फोन हाताला लागला. तेवढ्यात बाईंचा तोल जरा डावीकडे गेला, डावा पाय टेकला, आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाजात निघालं, "आई गं."

काकांनी रिकामा हात बाहेर काढला आणि त्यांना धरलं. फोन थरथरतच होता.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही," काका म्हणाले. "माझ्यावर भार दे. सगळा दे."